आमंत्रणातलं ‘आणि’

॥ श्री ॥
नाशिक, ६ ऑक्टोबर

चि. आभास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही इथे खुशाल आहोत. तुझ्या बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो. टपालाने सारागोसाला पत्र पोचायला महिना लागेल, म्हणून नेहमीसारखा कागदाचा फोटो काढून पाठवते आहे. फोनवर तू घाईत असतेस आणि मी निम्मं विसरते.

मुख्य बातमी ही, की कॉलेज रोडच्या स्पॅनिश वर्गात मी आता ‘ढ’ राहिलेली नाही. आमची चैतालीमॅडम वयाने तुझ्याहून लहान, पण दरारा मुख्याध्यापिकेचा. या आठवड्यात तिने उभयान्वयी अव्ययं सुरू केली. सारी नोकरी मराठीच्या तासाला समुच्चयबोधक आणि विकल्पबोधक शिकवण्यात गेली, त्यामुळे मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्याकडे ‘आणि’ला नुसतं ‘इ’ म्हणतात आणि ‘किंवा’ला नुसतं ‘ओ’. गंमत म्हणजे पुढचा शब्द त्याच स्वराने सुरू झाला, तर दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून हे आपलं रूप बदलतात. बाबा म्हणाले, की ओझरच्या विमानांच्या कारखान्यात आम्ही दोन भागांच्या मध्ये वायसर टाकायचो, त्यातलाच हा प्रकार. निवृत्त झाले तरी विमान काही डोक्यातून उतरत नाही.

आता खरं गुपित. ब्रुनोच्या आई-वडिलांना फेब्रुवारीतल्या तुमच्या लग्नाचं आमंत्रण मी स्वतः स्पॅनिशमध्ये लिहिलं आणि काल असाच फोटो काढून पाठवलंसुद्धा. इनेसबाई आणि ओक्ताव्यो वेगळे राहतात, तेव्हा दोघांना स्वतंत्र, पण शब्द न शब्द सारखं. ना तुला दाखवलं, ना चैतालीला. मुलीच्या सासरी जाणारं पहिलं पत्र तरी निव्वळ आपल्या हातचं असावं, असं वाटलं. त्यांना आवडलं का, ते हळूच विचारून कळव.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती तिकडून येत राहू दे.
तुझी आई, श्यामला


सारागोसा, १५ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि. हे पत्र लिहिणं अवघड जातंय, तरी लिहिते.

गेले काही दिवस ब्रुनो गप्प गप्प होता. काल त्याला धरून बसवलं, तेव्हा बोलला. इनेसने त्याला सांगितलं, की मी लग्नाला येत नाही, तुझ्या बाबांना जाऊ दे. बिचारे ते अख्ख्या जन्मात देशाबाहेर गेलेले नाहीत. आणि त्याच दिवशी ओक्ताव्योंनी सांगितलं, की मुलाची आई मांडवात हवी, मी मागे राहतो. दोघं एकमेकांशी बोललेही नव्हते. कारण मात्र दोघांचं एकच: नाशिकहून दोघांपैकी एकालाच बोलावणं आहे. रागावलं कुणीच नाही. प्रत्येक घराची रीत असते, असं म्हणाले. तेच मला जास्त लागलं.

ब्रुनोने खाली बघत मला विचारलं, की घटस्फोट झालेली माणसं तुमच्याकडे अशुभ मानतात का. साखरपुड्याला आत्याने ‘असे वेगळे झालेले आई-बाप एका पाटावर बसवायचे कसे’ म्हणून विचारलं होतं आणि तू काहीच बोलली नव्हतीस. ते गप्प बसणं आता आठवतंय. तुझ्या मनात तसं काही होतं, तर मला सांगायचंस. त्यांना कशाला लिहिलंस?

एकालाच यायचं असेल, तर लग्न इथेच नोंदणी करून उरकू, असं ब्रुनो म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

बाबांना नमस्कार. राग मानू नकोस, पण उत्तर लवकर दे.
आभा


॥ श्री ॥
नाशिक, १७ ऑक्टोबर

चि. आभास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं. शेगडी बाबांनी पुसली. यावरून घरातली अवस्था ओळख.

मी असं लिहीन, हे तुला वाटलं तरी कसं, म्हणून आधी तुझ्यावरच चिडले. मग माझं पत्र घेऊन तशीच चैतालीच्या वर्गात गेले. तिने वाचलं, ओठ आवळले आणि हळूच विचारलं, की काकू, तुम्हाला यांतल्या नेमकं कोणाला बोलवायचंय. मी म्हटलं, अगं, दोघांना! त्यावर तिने एका अक्षरावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, ‘इनेस उ ओक्ताव्यो’. रूप बदलतं एवढं माझ्या लक्षात राहिलं होतं, कोणाचं ते नाही. ‘ओ’ समोर आला की ‘किंवा’चा ‘उ’ होतो. मी तो ‘आणि’चा केला. झालं! त्या दोघांनी वाचलं, ‘इनेस किंवा ओक्ताव्यो यांची आम्ही वाट पाहतो.’ मुलांच्या वह्या लाल शाईने रंगवणारी मी! वर्ग हसला, मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र रडू आलं.

आत्यापुढे मी गप्प बसले, हे खरं आहे. तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर मी गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, की मुलाचे आई-वडील हेच दोघं, यात बदल व्हायचा नाही. पाट दोन मांडू, हवं तर मध्ये तांब्या ठेवू. आत्यालाही मी तसं सांगून टाकलं. फक्त तुला सांगायचं राहिलं. ही चूक काही व्याकरणाची नाही.

नवं पत्र आज गेलं. त्यात ‘पण’पाशी पुन्हा अडले. त्यांच्याकडे ‘पण’ दोन: साधा ‘पेरो’, आणि आधीचं खोडून खरं ते सांगायचं असेल तेव्हा ‘सिनो’. मला खोडायचंच होतं. म्हणून लिहिलं, ‘नो उनो उ ओत्रो, सिनो लोस दोस’. एक किंवा दुसरा नव्हे, तर दोघं. यातला ‘उ’ बरोबर आहे, चैतालीने तपासलाय! खाली नावं मुद्दाम उलट्या क्रमाने घातली, ‘ओक्ताव्यो ए इनेस’. ‘इ’पुढे इनेस आल्यामुळे इथे ‘आणि’ला खरोखरच बदलावं लागतं.

ब्रुनोला म्हणावं, सासूबाई अशुभ मानत नाहीत, अशुद्ध लिहितात. काय होतं ते कळव, जीव टांगणीला आहे.
तुझीच, आई


सारागोसा, २६ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखरचा. तुला विचारण्याआधीच मी मनात निकाल लावून टाकला होता. चुकलेच.

तुझं नवं पत्र मिळाल्यावर ओक्ताव्योंनी इनेसला फोन केला. पूर्वी ब्रुनो आजारी पडला तरच हे दोघं बोलायचे. नदीकाठच्या एका कॅफेत भेटले आणि दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. इनेस म्हणाली, की मला वाटलं, तुमच्या वाट्याला मुलाचा एकही सोहळा नीट आला नाही, हा तरी यावा. तर त्यांनीही तिच्याबद्दल नेमका तोच विचार केलेला! एवढी वर्षं भांडताना एकाचंही दुसऱ्याशी पटलं नाही, आणि न बोलता पटलं ते असं, असं म्हणून इनेस हसायला लागली ती थांबेचना. ओक्ताव्योंचे डोळे मात्र भरून आले होते, हे तिनेच ब्रुनोला सांगितलं.

तिकिटं काढली. खिडकी कोणाला यावरून आज सकाळी पहिलं भांडण झालं, त्यामुळे सगळं सुरळीत आहे असं समज. ब्रुनो परत गाणी म्हणत भांडी घासतो.

चैतालीमॅडमना माझ्याकडून एक साडी घे. रंग तू निवड, आणि लोभ दोघींनी ठेवा.
तुझी आभा


॥ श्री ॥
नाशिक, २४ फेब्रुवारी

चि. आभा आणि चि. ब्रुनो,
उभयतांना अनेक आशीर्वाद. रजा संपली म्हणून तुम्ही लगेच गेलात; ती दोघं मात्र आठवडाभर आमच्याकडे राहिली. काल निघाली. घर अगदी सुनं वाटतंय.

इनेसला बाबांनी मिसळ खायला नेलं. ती दुसऱ्यांदा रस्सा मागते आहे हे बघून बाबा चकित झाले. ओक्ताव्यो कळवणच्या ज्ञानेशमामाच्या मळ्यात दिवसभर रमले. मामा मराठीत, ते स्पॅनिशमध्ये, आणि तरी बांधावर बसून दोघांच्या तासन् तास गप्पा. मी दुभाषी म्हणून गेले होते, मला कोणी विचारलंच नाही.

तुम्ही दोघं मनात काही धराल, म्हणून एक सांगते. ती पुन्हा एकत्र राहतील, अशी आस लावू नका. खोल्या वेगळ्या, चहाच्या वेळा वेगळ्या, जेवतानाही वाद व्हायचे. मला त्यातलं निम्मंच कळलं, ते बरंच झालं.

काल विमानतळावर गाडीतून सामान उतरवताना इनेसच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. ओक्ताव्योंनी हात पुढे केला. तिने मान हलवून नको म्हटलं आणि चालू लागली. चार पावलांवर थांबली, वळली आणि त्यातली लहान बॅग त्यांच्या हातात दिली. मग दोघं आत गेली, आपापल्या चालीने, पण शेजारी शेजारी.

सुखात राहा, आणि आमच्या वाटणीचा लोभ त्या दोघांनाही द्या.
तुमची आई