यूपीएसवर सासूबाईंचा पंखा

मामाजी,

यूपीएस बिघडला नव्हता. काल तुम्ही यूपीएसमधला पंख्याचा प्लग काढायचा विसरले, म्हणून मले समजलं. लाइट गेली की उकाड्यात आत्याबाईले दम लागते, हे काय मले दिसत नाही? मग चोरून कावून लावता? ती बॅटरी कॉम्प्युटर नीट बंद करण्यापुरतीच होती, पंख्यानं पार बसली. आधीच्या कंपनीच्या क्वार्टरात लाइट जात नव्हती, इथं कोहक्यात रोजचंच आहे.

पावर हाउसच्या बाजारातून मोठी बॅटरी आणून बसवली. झोपताना सवयीनं भिंतीवरचं बटन बंद करू नका, चार्ज होणार नाही.

टायपिंगचं काम मी आजपासून हुडको कॉलनीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून करीन. कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथं पंख्याचा लावला आहे. संध्याकाळी मी आली अन् फाटक वाजलं की घाईनं काढू नका.

तुमची सून रमा