फराळाच्या डब्याचा पत्ता

३ ऑक्टो.
हिने चकलीची भाजणी दळून आणली. अजयचं युनिट सीमेवर नुकतंच हललंय. फौजी टपालाला नुसता क्रमांक असतो, ठिकाण नसतं. पण त्या वाटेने डबा पोचेपर्यंत चकल्या मऊ पडतात. म्हणून हिने फोनवर हट्ट करून पोराकडून खरं ठिकाण काढून घेतलं. मी, तोफखान्यातला निवृत्त सुभेदार, ओरडायला हवं होतं. वहीत लिहून घेतलं.

७ ऑक्टो.
दुपारी फोन. "राम राम साहेब, वळखलं का? तुमच्या हाताखाली शिकलो. दिंडोरीचा हाय. द्राक्षाच्या छाटणीला सुट्टीवर आलतो, आता माघारी चाललो. तिकडच्या पोरांचे डबे नेतोय, अजयचा बी द्या." नाव सांगितलं. आठवलं नाही, आठवल्यासारखं केलं. कुणी साहेब म्हटलं की मी अजून पाघळतो. संध्याकाळी त्याचा माणूस येऊन डबा घेऊन गेला. वर पूर्ण पत्ता, माझ्या अक्षरात.

९ ऑक्टो.
देवळालीत नव्या जवानांपुढे माझं व्याख्यान. विषय नेहमीचाच: न पुकारलेलं युद्ध. अफवा, खोटे फोन, गोडीगुलाबीने काढलेली माहिती. एकाने विचारलं, "सर, शत्रूचंच काम आहे अशी खात्री नसेल तर करायचं काय?" म्हटलं, "खात्रीची वाट बघायची नाही. शंका आली की त्याच दिवशी वर कळवायचं. दहा ठिकाणच्या शंका जुळल्या की चित्र दिसतं. लाजेने एक जण गप्प बसला तरी त्यांचं फावतं."
बोलता बोलता परवाचा फोन आठवला. त्याला अजयचं नाव कुणी सांगितलं?
घरी येऊन नंबर लावला. बंद.

१० ऑक्टो.
जुन्या दोघा सहकाऱ्यांना विचारलं. त्या नावाचा दिंडोरीचा पोरगा त्यांनाही आठवत नाही. वर कळवायचं पत्र लिहायला बसलो. ही म्हणाली, "पहिला प्रश्न हाच येईल, ठिकाण तुम्हाला सांगितलं कुणी? पोराची नोकरी घालवाल." खरं आहे. पत्र लिहिलं, दिलं नाही. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान...

१४ ऑक्टो.
अजयचा फोन. "बाबा, डबा पोचला. चकल्या लगेच संपल्या!" हिने देवापुढे साखर ठेवली. "बघा, उगाच भल्या माणसावर संशय. फाडा ते पत्र." कितीतरी दिवसांनी हसलो. सहज विचारलं, "आणून दिला कोणी?"
"कुरिअरने आला की. सही करून मीच घेतला."
म्हणजे तो फोनवाला स्वतः गेलाच नाही. पत्ता बरोबर आहे, हे मात्र आता अजयच्या सहीवरून त्याला घरबसल्या कळलं. पत्र फाडलं नाही.

१५ ऑक्टो.
पत्र द्यायला देवळालीच्या कॅम्पात निघालो. ही दार अडवून उभी. "निदान अजयला विचारून तरी जा." लावला फोन. लागत नाही. रेंज नसेल, तिकडे नसतेच. अकरा वाजता पुन्हा, एकला पुन्हा. ही आता दारातून बाजूला झालीय. मघाशी स्वतःच माझ्या चपला आणून ठेवल्या.