एकेचाळीस हजारांना एकच सलाम

जिल्ह्याचा दप्तरखाना, वरचा मजला, शेगडीपासून दुसरं टेबल
गुरुवार, जेवणाआधी

वडीलधारे सत्तारकुल मामा यांस भाचा जुमगालबेक याचा छातीवर हात ठेवून आणि मान शक्य तितकी लववून सलाम (मानेत उसण भरली आहे, कारण पुढे येईलच).

तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? आधी डाव्याची चौकशी करतो, मग उजव्याची, म्हणजे कुणाला राग नको. मामींचे डोळे? मुलं, सुना, नातवंडं? मेंढ्या धडधाकट? करडी घोडी व्याली का, आणि शिंगरू आईवर गेलं की बापावर? कुत्रा? (नाव आठवत नाही, पण त्याचीही चौकशी केली आहे असं त्याला सांगा.) इकडे आम्ही सर्व खुशाल. आणि मामा, नुसते खुशाल नाही. आज तुमचा भाचा असा फुगलाय की कोटाची बटणं लागत नाहीत.

आमच्याकडे जुन्या काळातल्या घरवार नोंदवह्या आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुठल्या घरात किती माणसं, कोण कधी जन्मलं, किती मेंढ्या, किती घोडे, सगळं त्यात. एकूण सहाशे बारा वह्या. तीन हिवाळ्यांपूर्वी बाहेरून माणसं आली, पानापानाचा फोटो काढून गेली आणि ती पानं, एका पानाची एक फाइल करून, राजधानीतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवली. म्हणजे वह्या आमच्या कपाटात आणि त्यांचे फोटो डोलोन घाटापलीकडे. आम्हाला ते इथून दिसतात, पण कसे? घाटात बर्फ असताना तुमच्याकडे पाहुणे येतात तसे. येतात, पण आज निघालेले आज पोचतील असं नाही.

आता गेल्या महिन्यात राजधानीच्या दप्तर समितीचा कागद आला, की आजच्या गुरुवारपर्यंत सगळ्या फाइलींची यादी द्या, नाहीतर दप्तरखाना बंद करून वह्या राजधानीत नेऊ. एकतीस वर्षं मी या टेबलाशी बसतोय, मामा. टेबल गेलं तर मी कुठे बसू? घरी? घरी बायको आहे. बेगिमकान ताई (आमच्या प्रमुख, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, आणि ते मला रोज कळेल अशी व्यवस्था करणाऱ्या) म्हणाल्या, "जुमगालबेक, तुला ते एक्सेल येतं ना? मग लाग कामाला. नाही जमलं तर माझ्याबरोबर तूही मेंढ्या राख."

मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेला हुकूम. मग नुसतं बटण दाबायचं आणि तो राबतो. माझा मॅक्रो फार सभ्य होता. तो फोल्डरच्या दारात जायचा, पहिल्या फाइलीपाशी थांबायचा, नाव विचारायचा, घाट ओलांडून परत येऊन तक्त्यात लिहायचा. पुन्हा जायचा, तिचा आकार विचारायचा, परत यायचा. पुन्हा जायचा, जन्मतारीख विचारायचा. मग दुसरी फाइल. (शिवाय दर वेळी मी सगळ्यांना वयाप्रमाणे नव्याने बसवत होतो. धाकटी फाइल थोरलीच्या वरच्या ओळीत बसलेली मला बघवेना.) सकाळी नऊला सोडलेला मॅक्रो चारपर्यंत तीन हजारांवर पोचायचा, तेवढ्यात लाइन तुटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या फाइलीपासून सलाम. असे अकरा दिवस. मान वाकडी करून पडद्याकडे बघत बसलो, ती उसण तिथली.

आणि मग आला बेगिमकान ताईंच्या नातीच्या लग्नाच्या जेवणावळीचा दिवस. आता पुढचं वाचताना रागावू नका. तुम्ही आत आलात. चाळीस माणसं बसलेली. तुम्ही रीतीप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केलीत. हात हातात घेतला, तब्येत, गुडघे, सून, घोडी, शिंगरू. मग दुसरा. मग तिसरा. नवव्या पाहुण्यापाशी तुम्ही त्याच्या गायीच्या खुरांबद्दल बोलत होतात, तेव्हा रश्श्यावर चरबीची साय धरली होती. इतक्यात तुमचा शेजारी कचकिनबाय आला. दारातच उभा राहिला, सगळ्या घराला मिळून एकच खणखणीत सलाम घातला, सगळ्या घराने मिळून एकच उत्तर दिलं, आणि तो मांडी घालून बसलासुद्धा! तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, बघ या उद्धटाला. गुराख्यासारखा आला." मी म्हटलं, "खरंय मामा," पण माझ्या हातातला पाव तसाच राहिला. मला माझा मॅक्रो दिसला. तो तुमच्यासारखा होता, मामा. मला तो कचकिनबायसारखा हवा होता.

(त्या दिवशीही मेंढीचं कमरेचं हाड तुमच्याच पुढे आलं, आणि यायलाच हवं. वयाने थोर त्याचा मान, आणि तुम्ही कचकिनबायपेक्षा अकरा दिवसांनी मोठे आहात हे साऱ्या खोऱ्याला माहीत आहे.)

सोमवारी सकाळी जुना मॅक्रो पुसला. नव्यात एकच ओळ महत्त्वाची. एक्सेलने स्वतः दारोदार हिंडायचं नाही. कॉम्प्युटरच्या पोटात एक जुनी काळी खिडकी असते, तिला सांगायचं, की बाई, त्या फोल्डरच्या दारात उभी राहा, सगळ्यांची नावं, आकार, तारखा एका दमात विचार आणि एका साध्या कागदावर उतरवून आण. मग एक्सेलने तो अख्खा कागद एका घोटात प्यायचा आणि तक्त्यात एकदम ओतायचा, ओळ-ओळ नाही. वयाची क्रमवारी सगळ्यात शेवटी, घरच्या घरी, एकदाच. बटण दाबलं आणि चहाचा पेला तोंडाला लावला. मामा, पेला खाली ठेवायच्या आत एकेचाळीस हजार नावं पडद्यावर बसली होती, थोरली वर, धाकटी खाली!

बेगिमकान ताईंचा विश्वास बसेना. "एवढ्यात कसं होईल? काहीतरी बिघडलंय."

"बिघडलं होतं ताई, आता सुधारलंय."

"मग समितीसमोर जरा हळू करून दाखव. इतक्या लवकर झालं तर त्यांना वाटेल आपण इतकी वर्षं काही करतच नव्हतो."

यादी आज सकाळीच पाठवली. तासाभरात समितीच्या प्रमुखांचा फोन. दप्तरखाना इथेच राहणार! सोमवारी ते स्वतः येताहेत, मला मानाचा झगा पांघरणार आहेत. मला, मामा! शाळेत ज्याला तुम्ही "बहिणीचं पोर आहे म्हणून, नाहीतर गाढव म्हणालो असतो" असं म्हणायचात, त्याला. आई असायला हवी होती. तेवढं एकच मनाला लागतं. बाकी मी आनंदात आहे आणि तो लपवायचा माझा बिलकूल विचार नाही. मामींना सलाम, गुडघ्यांना सलाम.

तुमचा, आता खोऱ्यात नाव काढलेला,
जुमगालबेक

ता. क. सोमवारी प्रमुख यादी आणि कपाट ताडून बघणार आहेत. वह्या सहाशे बारा; यादीत निघाल्या सहाशे अकरा. तीनशे सतराव्या वहीचं एकही पान नाही. आजवर कुणाची यादी पुरी होतच नव्हती, त्यामुळे आजवर काही हरवलेलंही नव्हतं. ते मी आता माझ्या हाताने शोधून काढलं आणि सही करून पाठवून दिलं. कपाटात त्या जागी एकोणीस वर्षं टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आहे. ती तिथे कुणी ठेवली हे मला माहीत आहे, कारण मीच ठेवली.

ता. क. मामा, ती वही तुम्ही एका दिवसासाठी नेली होती. कचकिनबायला दाखवायला, की थोर कोण. तुम्ही ती जेवणासाठी अंथरलेल्या फडक्यावर मिटलेलीच ठेवलीत, वर हात ठेवलात, आणि म्हाताऱ्या माणसाचा हात कुणी उचलला नाही. ती परत द्या. वही मिळाली नाही तर झगा राहिला बाजूला, टेबल जाईल आणि माझं नावही. सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांच्या पोत्यात तळाशी घालून शनिवारच्या गाडीने पाठवा. तिचे फोटो काढून रविवारी घाटापलीकडे धाडतो.

ता. क. गाडीचा ड्रायव्हर कचकिनबायचा जावई आहे. पोतं शिवून द्या.

ता. क. त्रेचाळिसाव्या पानाची काळजी करू नका. तुम्हाला द्यायच्या आधी मी ते वाचलं होतं. अकरा दिवसांनी थोरला कचकिनबाय आहे. एकोणीस वर्षं मला ठाऊक आहे आणि एकोणीस वर्षं प्रत्येक जेवणावळीत ते हाड मीच तुमच्यापुढे सरकवत आलोय. खुशाल खा. यादी मी झटपट केली आहे. पण यादीतलं एखादं पान उघडून बघायचं तर अजूनही सकाळची दुपार होते, आणि त्यावर मॅक्रो लिहिण्याचा माझा काही विचार नाही.