भवानीचा हात

शुक्र., ७ नोव्हें.
आजही बेल वाजली नाही. गॅलरीतून पाहिलं तर जनाबाई कोळीण खाली गेटपाशी पाटी उतरवून बसली होती. खारदांड्याहून आली, आमच्या दारावरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेली. सुमनचं तेरावं होऊन महिना झाला, पण बाई अजून वर येत नाही. मासे नको होते मला. हाक तरी मारायची!
तिची भवानी आमच्याच दारात. दिवसाची पहिली विक्री सुमनच्या हातून. संधिवाताने सकाळी बोटं वळत नसत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. तरी बेल वाजली की भिंतीला धरून सुमन दारात हजर. कधी नुसता मांदेलीचा वाटा घ्यायची, पण जनाबाईला रिकामं पाठवलं नाही.

रवि.
मुक्ताचा फोन. "बाबा, आता आई नाही, मासे ऑनलाइन मागवा ना, साफ करून घरी येतात." लेक काळजीपोटी बोलते, पण मी नाही म्हटलं. का, ते सांगता आलं नाही.
रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग पाडली तेव्हा आम्ही कांदिवलीला भाड्याने होतो. तिथे खाली चांगला मासळी बाजार. सुमनचं एकच, "आपली जनाबाई आहे." अगं, ती पार्ल्यात आहे, आपण इथे! ऐकते कुठली. पार्ल्याला परतेपर्यंत तिच्या वारांना, दर बुधवार-शुक्रवारी, माशांऐवजी पिठलं. तेव्हा चिडायचो. आज दुपारी स्वतःच पिठलं केलं. गुठळ्या झाल्या.

बुध., १२
शेवटी मीच खाली गेलो. म्हटलं, "जनाबाई, आम्हाला वाळीत टाकलंस काय गं?"
"नाय ओ सायब. वर येऊन वयनी म्हनून हाक मारली असती, तर कोन येनार होतं?"
मग तिनेच सांगितलं, सुमन गेल्यापासून भवानी दर वेळी वेगळ्या दारात होते, मन लागत नाही.
माझा हात जड, हे तिचं जुनं मत. सुमन गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होती तेव्हा एकदा मी भवानी केली, आणि बाई भरली पाटी घेऊन घरी गेली. पुढच्या वेळी दारातूनच, "सायबांचा हात नको!" सुमन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.
म्हणून म्हटलं, "आधी कुठे तरी भवानी कर, मग मी घेतो."
"भवानी हितलीच. लावा हात."
हात लावला. वरच बर्फाचा मोठा खडा. मला वाटलं, मासे ताजे राहावेत म्हणून.
"तो वयनींचा. बोटं सुजली की धरायच्या. अजून ठेवते, सवय झाली."
इतकी वर्षं दारात उभ्या उभ्या दोघींचं काय चालायचं, मला पत्ता नाही. मी आतून ओरडायचो, दार लाव, वास येतो.
मांदेली तळली. मीठ जास्त पडलं. सगळी खाल्ली. सुमन, तू माणसं चांगली जोडून ठेवलीस गं. मला आयती मिळाली.

गुरु.
माल खपला असेल ना? एका म्हाताऱ्याच्या हाताने तिचा दिवस बुडाला तर. तिला विचारायला दोनदा फोन हातात घेतला, ठेवला.

शुक्र., १४
सकाळीच पातेलं धुऊन दारापाशी ठेवलं. बेल. पाठोपाठ नेहमीची हाक, "वयनीऽऽ". दार उघडलं तर जनाबाई तोंडावर पदर धरून उभी. मी म्हटलं, असू दे, तीच हाक मारत जा. घरालाही तीच सवय आहे.
मग विचारलं, "परवा खपलं का गं सगळं?"
तिने पाटी उतरवली, डोक्यावरची चुंबळ बाजूला ठेवली. वर बर्फाचा खडा होताच.
"ते मंग सांगते. आधी हात लावा."