हिंगणघाटची ढेप

वडनेर, ९ मे १९८५

प्रिय मधू,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत एकच विचारणा आहे, अनूच्या लग्नाची तारीख कोणती. भाचीला मांडवात मामानेच आणायचं असतं, तेव्हा तुझी घाई मला समजते. तुमच्या कंपनीचा माल घेणारे हॉलंडचे साहेबही सोबत येणार, त्यांना आपल्याकडचं लग्न पाहायचं आहे, त्यांच्यासाठी एक खुर्ची आणि उकळलेलं पाणी लागेल, हेही लिहिलंस. तारीख सांगते. पण आधी थोडं ऐकून घे. मोठी बहीण आहे मी, तेवढा मान दे.

तू हॉलंडहून पाठवलेला फोटो सगळ्यांनी पाहिला. कोट तुला शोभतो. शेजारी ती काळी-पांढरी गाय उभी आहे, तिची कास बघून पंचफुला शेजारीण म्हणाली, "माय वं, गाय हाये का रांजण?" ती तीस लिटर दूध देते, तिच्यापुढे हिंगणघाटच्या सरकीची पेंड, आपली ढेप, असते, आपली पोती ओळखून तुझी छाती फुगली, हे सगळं तू हौसेनं लिहिलंस. पुढे गंमत म्हणून लिहिलंस की तिथं शेण इतकं साचलंय की टाकायला जागा उरली नाही, विहिरींचं पाणी नासतंय, सरकार आता कायदा करतंय. मी ते अनूच्या बाबांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. आमच्या वावरात पूर्वी वीस गाड्या शेणखत पडायचं, आता तीन पडल्या तर पुष्कळ. ढेप महागली, गुरं गेली, माती विटेसारखी निघते. ते एवढंच म्हणाले, "शेण आपलंच हाये ते. सरकी आपल्या वावराची, ढेप त्या सरकीची. गाय तेवढी त्याइची."

माझ्या लग्नात बाबांनी मला चांदी आंदण दिली, ते तुला आठवत असेल. बोरच्या जंगलात चरलेली, आपल्या हिंगणीच्या गोठ्यातली पांढरीशुभ्र गवळाऊ गाय. आपल्या घरची रीतच होती, आंदण दिलेली गाय ज्या घरची, तिची उन्हाळ्यातली ढेपही त्या घरची. बाबा गेल्यावर ती रीत तुझ्याकडे आली. दुष्काळी उन्हाळा होता त्र्याहत्तरचा, आणि तू हिंगणघाटच्या तेलाच्या कारखान्यात वजनकाट्यावर होतास. मी एसटीनं आले. अनू सहा वर्षांची, तिला घरी ठेवलं होतं. बाळ आठ महिन्यांचं, ते कडेवर होतं. माझं दूध रोजगार हमीची खडी फोडता फोडता आटलं होतं, आणि चांदी ढेपेवाचून आटत चालली होती. तू फाटकापर्यंत आलास. आत ट्रक भरत होते, ढेपेचा वास रस्त्यावर येत होता. तू म्हणालास, "ताई, हा माल बोटीवर चढून राह्यला. तुले देता येत नाई." मग बाळाच्या गालाला हात लावलास आणि मला परतीच्या एसटीत बसवून दिलंस.

आठ दिवसांनी तू गाडीवानाबरोबर एक पोतं पाठवलंस. मी खडीवर गेले होते, त्यानं ते अंगणात उतरवलं आणि तो निघून गेला. सोबत चिठ्ठी नव्हती. पोत्यावर परकी अक्षरं, आणि त्यांच्याखाली गाईचं चित्र. आम्ही खेड्यातली माणसं पोतं चित्रावरून ओळखतो. झाडाचं चित्र असलं की खत, किड्याचं असलं की फवारणीचं औषध, गाईचं असलं की गाईचं खाणं. मला वाटलं, भावानं रीत पाळली. बोटीवरची, साहेबाच्या गाईची बारीक दळलेली ढेप माझ्या चांदीसाठी काढली. मी तुला तिथूनच हात जोडले, मधू. दोन घमेली पाण्यात कालवली, मूठभर मीठ घातलं. चांदी उपाशी होती, तिनं गव्हाण चाटून पुसून काढली. पोतं मी गोठ्यातच ठेवलं होतं. मी पुन्हा खडीवर गेले, तेव्हा तिनं ते शिंगानं फाडलं आणि पोट भरेतो खाल्लं.

संध्याकाळी ती फुगून पडली होती. पंचफुलानं गव्हाणीत बोट फिरवून चाखलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. "बाई, हे तं दूध हाये वं." उरलेलं शेणामुतात सांडलं होतं. मी ते दोन्ही हातांनी गोळा केलं आणि धुवायला निघाले. दुधाची भुकटी कशी धुणार? चांदी पहाटे गेली. बाळ विसाव्या दिवशी गेलं. तुला मी गोवर सांगितला. त्याला गोवर नव्हता. दूध दारात आलं होतं आणि मी ते आईच्या हातानं गाईला चारलं, हे मला कोणाला सांगता येत नव्हतं. अनूच्या बाबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो तरी दिला असता तर बरं झालं असतं.

बारा वर्षं मी गप्प राहिले. तुझं मन दुखवू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला तुझं दुखायलाच हवं होतं, पण धीर होत नव्हता. तुझ्या फोटोतली गाय बघितली आणि तो आला. पोत्यावर तीच होती, काळी-पांढरी. आपली ढेप खाऊन तिनं दिलेलं दूध त्यांना जास्त झालं, म्हणून दुष्काळाची मदत होऊन ते इकडे आलं. आणि तू शेवटच्या पत्रात लिहितोस, साहेबांना अनूला भेटायचं आहे. तू पाठवलेल्या त्यांच्या देशाच्या दुधावर ती जगली, असं तू त्यांना सांगितलंस, आणि ऐकून त्यांचे डोळे भरून आले. अनू ज्वारीच्या कण्यांवर जगली. त्या दुधाचा एक थेंब तिच्या ओठाला लागलेला नाही.

आता तारीख. लग्न परवा, मंगळवारी झालं. ढोरं चारणाऱ्या बंडूजीनं तिला मांडवात आणलं. चांदीला पुरायला खड्डा त्यानंच खणला होता, आणि बाळाचाही. अनूनं विचारलं, "मामा काऊन नाई आला?" मी म्हटलं, बोलावलंच नाही. मग हे सगळं तिला सांगितलं. पत्रिकेत मात्र मामा म्हणून तुझंच नाव छापलं आहे, लोक काय म्हणतील म्हणून. एक पत्रिका सोबत ठेवली आहे. साहेबांना आपल्याकडचं लग्न दाखवायचंच असेल, तर ती दाखव.

तुझीच,
प्रमिलाताई