चंदरची तोंडी परीक्षा

आगरदांड्याजवळ,
ता. १८ ऑगस्ट १९५७

ती. सौ. गोदूताईस मार्तंडाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी मेतकुटाची पुडी पोचली, पण वाटेत फुटली. तुझं पत्र भाताबरोबर खाता येईल असं झालं आहे.

इथे पाचवी, सहावी, सातवीला मिळून मी एकटा. सकाळी दशांश अपूर्णांक, मग भूगोल-इतिहास, दुपारी विज्ञान आणि शेवटी टकळीवर सूत. मुलं कोळ्यांची. हुशार आहेत, पण नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या आणि अर्धा वर्ग ओस पडला.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सहावीच्या रांगेत एक गोणपाट रोज अंथरलेलं असतं आणि त्यावर कोणी बसत नाही. ते चंदरचं. फाल्गुनात तो बापाबरोबर होडीतून गेला. होडी उलटली. बापाचं प्रेत सापडलं, चंदरचं नाही. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारा पोरगा होता म्हणे. वार्षिक परीक्षा राहिली, म्हणून आईच्या हिशेबी तो अजून सहावीतच आहे. शाळा सुटली की ही सोनूबाई धाकट्या लेकीला, चौथीनंतर घरी बसवलेल्या काशीला घेऊन खिडकीशी येते आणि आज काय शिकवलंत ते विचारते. मला वाटलं, बाईला शिकायची हौस आहे. मग पाहिलं, तर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून सगळा धडा समुद्राला सांगते. पोर मागे पडू नये म्हणून! ताई, मला तिची भीती वाटते आणि दयाही येते.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
मार्तंड


माणगाव,
ता. २९ ऑगस्ट १९५७

चि. मार्तंडास गोदूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेतकूट पुन्हा पाठवते आहे, या खेपेला डब्यात. पत्र खाऊ नकोस.

त्या बाईला स्पष्ट सांगून टाक. धडे देत राहशील तर तिला आशेला लावल्याचं पाप तुझ्या माथी. काशीला घरी ठेवून जे नाही त्याला शिकवायचं, हा कुठला न्याय?

तू म्हणशील, ताईनं कोणत्या तोंडानं सांगावं! खरं आहे बाबा. ह्यांना दिघीहून मुंबईच्या बोटीत बसून येत्या चैत्रात बारा वर्षं होतील. पत्र नाही, निरोप नाही. मामंजी म्हणतात, बारा वर्षं पुरी झाली की शास्त्राप्रमाणे दर्भाची प्रतिमा करून क्रिया उरकू. मी सांगितलं, कराल तर मला विहीर जवळ आहे. अजून रोज ह्यांचा पाट मांडते, वाढते आणि ते अन्न मागून मीच खाते. जाऊबाई हसतात. हसोत.

माया पातळ करू नकोस, आणि प्रकृतीस जप.

तुझी,
गोदूताई


आगरदांड्याजवळ,
ता. १२ जानेवारी १९५८

ती. सौ. गोदूताईस सा. न. वि. वि.

तू म्हटलंस तसं स्पष्ट सांगायला दिवाळीनंतर गेलो होतो ग. तोंड उघडलं, तर तिनेच विचारलं, रशियानं सोडलेल्या नव्या चंद्रानंही भरती येते का. जास्त पाणी चढलं तर पोर लवकर येईल, हा तिचा हिशेब. नाही येत, एवढंच म्हणालो आणि परत आलो.

तिची खरी काळजी नव्या पैशांची. चंदर गेला तेव्हा आणे चालू होते. परत आला की बाजारात लोक त्याला फसवतील, म्हणून ती रुपयाचे शंभर, रुपयाचे शंभर असं पाण्याला घोकून सांगते. यंदा पुस्तकातला नकाशाही बदलला. पोरगा तेवढाच राहिला आणि पुस्तकं पुढे गेली.

आता माझंही काही खरं नाही. प्रश्न विचारला की मी त्या गोणपाटाकडे बघून थांबतो. मुलंही थांबतात. कधी सकाळी गोणपाट ओलं लागतं. पौषात कुठला पाऊस? मुलांना विचारायचा धीर होत नाही.

काल सोनूबाईनं पदर पसरला. म्हणाली, एप्रिलात चंदरची परीक्षा घ्या, तोंडी. पास झाला तर सातवीत घाला. काय करू?

उत्तर दे, आणि भावावरची माया राखून दे.

मार्तंड


माणगाव,
ता. २० जानेवारी १९५८

चि. मार्तंडास आशीर्वाद. वि. वि.

घे परीक्षा. पण खरी घे. आईकडे बघून गुण देऊ नकोस. उत्तर येईपर्यंत थांब.

इथे क्रियेसाठी भटजींना विचारणं चालू आहे. मी दाराला कडी घालून बसते.

तुझ्यावर जीव आहेच. तुझाही असू दे.

गोदूताई


आगरदांड्याजवळ,
ता. २० एप्रिल १९५८

ती. सौ. गोदूताईस सा. न. वि. वि.

परवा परीक्षा घेतली. दुपार कलली होती, भरती लागत होती. मी धोतर खोचून पाण्यात उभा राहिलो. लांबवर गावची माणसं होती, पण कोणी हसलं नाही.

वर्गात विचारतो तसंच खड्या आवाजात विचारलं, कुलाबा जिल्ह्यातल्या नद्या सांग. थांबलो. रुपयाचे नवे पैसे किती? थांबलो. भरती-ओहोटी कशामुळे होते? काशीला सगळं येत होतं ग, ऐकून ऐकून पाठ झालेलं. तिचे ओठ हलले, तशी सोनूबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ज्याचं त्यानंच सांगायचं.

पाणी मांडीपर्यंत चढलं. पुढे काय विचारावं सुचेना. शेवटी विचारलं, बाळ, तुझं नाव काय?

खूप वेळ थांबलो. ती पाण्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, न्हाय येत त्याला, गुरुजी. नापास करा. झोपेत नाव पुसलं तरी सांगायचा माझा पोर. तो न्हाय हाय तिथं.

आणि पाण्यातच बसली. वर्षभरात ती रडलेली कोणी पाहिली नव्हती म्हणतात. मीही रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं! वर आल्यावर तिनं सांगितलं की जूनपासून त्या गोणपाटावर काशी बसेल. कालपासून ते कोरडं आहे. पण ताई, उत्तरासाठी थांबायची माझी सवय काही जात नाही.

तू बरी आहेस ना? जीव लावून आहेस तशीच राहा.

मार्तंड


माणगाव,
ता. २ मे १९५८

चि. मार्तंडास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि उत्तर द्यायला इतके दिवस लागले. चैत्र तर सरला.

ह्यांची एक सवय होती. वाचत असोत, जेवत असोत, मी हाक मारली की निदान हं म्हणायचे. बारा वर्षं मी पाट मांडला, वाढलं, पण हाक म्हणून मारली नव्हती. भ्यालेच मी. परवा दुपारी सगळी झोपली असताना पाटासमोर बसले आणि हाक मारली. तुला सांगितलं होतं तशी थांबले. ताटातला भात निवून घट्ट झाला.

पाट धुऊन माळ्यावर ठेवला आहे. मामंजींना म्हटलं, भटजींना बोलवा. म्हातारा माणूस, माझ्याआधी तेच रडले. पुढच्या सोमवारी क्रिया आहे. तू ये. मला कोणीतरी माझ्या बाजूचं हवं आहे.

काशीला माझ्यातर्फे एक पाटी घेऊन दे. नवी, कोणाची वापरलेली नको.

आणि यापुढे माझ्या नावामागे सौ. लिहू नकोस. गं. भा. लिहायला तुझा हात उचलणार नाही, ते मला ठाऊक आहे. नुसतं ताई लिही. हाक मारलीस तर मी ओ देईन.

गोदूताई