पुढच्या सीटवरच्या वन्संना

प्रिय वन्सं,
('प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून.)

विमानात दुसरा कागद नाही, म्हणून उलटीसाठी ठेवलेल्या पिशवीवर लिहितेय. माझा लेक तान्हा असताना आपण सगळे असेच निघालो होतो, आठवतं? तो रडायला लागला तशा तुम्ही हवाई सुंदरीला म्हणालात, "आम्ही ह्यांच्याबरोबर नाही हो!" आणि पुढे जाऊन डोळ्यांवर पट्टी बांधून खुशाल घोरलात. मी अख्खा प्रवास संडासाच्या दाराशी उभी राहून पोराला झुलवत होते.

आज तुमचा नातू तुमच्या खांद्यावर आहे. तुमची लेक आणि जावई कानांत बोळे घालून गाढ झोपलेत. तुमचे बंधुराज मला कोपरानं ढोसतायत, "अगं, घे ना त्याला जरा. तुझ्याकडे लगेच झोपतो."

"झोपतो ना," मी म्हटलं, "म्हणूनच घेत नाही."

तुम्हाला वाटतंय, त्याचे कान दुखतायत. कान ठणठणीत आहेत, वन्सं. तुम्ही थोपटून थोपटून त्याचे डोळे मिटत आणता, आणि मी मागून हळूच 'बुवाऽ कुक' करते. काय गोड हसतो हो!

पण पोटभर दूध प्यालेलं पोर एवढं हसलं की दुसरं काय होणार? आत्ताच तुम्ही किंचाळलात, "वहिनी, तुमची पिशवी द्या! लवकर! माझा नवा कोट!"

पिशवी होती, पण तिच्यावर हे पत्र होतं. ती मी मांडीखाली सारली आणि धावत आलेल्या हवाई सुंदरीला शांतपणे सांगितलं, "आम्ही ह्यांच्याबरोबर नाही हो."

अजून तुमच्या मागेच बसलेली,
वहिनी